लाटांवरची लहानगी : उघड्या पाण्यासाठी रेडिओ-नियंत्रित शिडाच्या नौकेची निवड

छत्तीसगडची नियोजित राजधानी नवा रायपूर ही रुंद रस्त्यांची, मंत्रालयाची आणि भव्य क्रिकेट मैदानाची नगरी म्हणून देशभर परिचित आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वसलेल्या या नगरीचे पाण्याशी असलेले नाते मात्र सहसा चर्चेत येत नाही. नगरीच्या कुशीत सेंध आणि झांझ यांसारखे जलाशय आहेत. राज्यस्थापनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नोव्हेंबर २०२५ मध्ये हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाने सेंध जलाशयाच्या आकाशात कसरती केल्या, तेव्हा हे विस्तीर्ण पाणी अनेकांनी प्रथमच निवांतपणे न्याहाळले. येथून धमतरीच्या दिशेने गेल्यास महानदीवरील गंगरेल धरणाचा 'रविशंकर सागर' लागतो. त्याच्या काठावर उभे राहिले असता समोरचा तीर धूसर दिसतो आणि वारा सुटल्यावर खऱ्याखुऱ्या लाटा पायाशी येऊन आदळतात.

अशा पाण्यावर चालवता येईल असा एक विलक्षण छंद म्हणजे रेडिओ-नियंत्रित शर्यतीची शिडाची नौका. या नौकेस इंजिन नसते. तिला पुढे नेतो तो केवळ वारा. चालक काठावर उभा राहून हातातील प्रक्षेपकाने दोनच गोष्टींचे नियमन करतो : सुकाणूची दिशा आणि शिडाच्या दोरीची ढिलाई. उर्वरित सारे नौकेच्या रचनेवर आणि चालकाच्या वारा ओळखण्याच्या शक्तीवर अवलंबून असते. भोसलेकाळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांमध्ये, तसेच नोकरीनिमित्त नव्याने येथे आलेल्यांमध्ये, मुलांसह करता येईल अशा मैदानी छंदाचा शोध घेणारे अनेकजण असतात. परंतु दुकानातील चित्र पाहून घेतलेली नौका शांत तळ्यात सुरेख चालते आणि उघड्या पाण्यावर पहिल्याच झुळकीत आडवी होते, असा अनुभव या छंदात नित्याचा आहे. म्हणूनच खवळलेल्या पाण्यासाठी नौका निवडताना कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा येथे विचार केला आहे.

आधी पाणी, मग नौका

निवडीचा प्रारंभ नौकेपासून न करता पाण्यापासून करावा. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावत येतो. चारी बाजूंनी झाडी व इमारती असलेल्या तळ्यात हे अंतर थोडे असते, त्यामुळे वारा जोराचा असूनही पाण्यावर केवळ शहारा उमटतो. मोठ्या जलाशयावर तोच वारा एक-दोन किलोमीटर विनाअडथळा वाहत येतो आणि आखूड, उभ्या, एकामागोमाग येणाऱ्या लाटा उठवतो. काठाजवळ पाणी उथळ असल्यास या लाटा अधिकच उभट होतात.

वीस-पंचवीस सेंटिमीटरची लाट माणसाच्या पोटरीलाही पुरती पोहोचत नाही. एक मीटर लांबीच्या नौकेच्या दृष्टीने मात्र ती तिच्या लांबीचा चौथा हिस्सा असते. दहा मीटरच्या नौकेसमोर अडीच मीटरच्या लाटा उभ्या ठाकाव्यात, तसाच हा प्रसंग. तेव्हा नौका घेण्यापूर्वी ज्या पाण्यावर ती चालवायची त्या पाण्याकाठी वेगवेगळ्या ऋतूंत, विशेषतः दुपारनंतर, काही वेळ घालवावा. वारा प्रायः कोणत्या दिशेने येतो, काठाजवळ खोली किती आहे, शेवाळ वा जलपर्णी कोठे साचते आणि उन्हाळ्यात पाणी किती मागे हटते, याची नोंद ठेवावी. चैत्र-वैशाखात छत्तीसगडच्या मैदानी भागात अचानक उठणारे अंधड तर कोणत्याही लहान नौकेच्या आवाक्याबाहेरचे असतात.

लहान नौकेचे अवघड गणित

मोठ्या नौकेची हुबेहूब लहान प्रतिकृती केली तर ती मोठीसारखीच स्थिर राहील, असा समज स्वाभाविक आहे, पण तो खरा नाही. नौका दहापट लहान केली की तिच्या शिडाचे क्षेत्रफळ शंभरपट घटते, तर वजन हजारपट घटते. त्याच वाऱ्यात नौकेला आडवे करू पाहणारा जोर हजारपट कमी होतो, पण तिला पुन्हा सरळ करणारा जोर मात्र दहा हजारपट कमी होतो. म्हणजेच प्रतिकृती मूळ नौकेच्या तुलनेत दहापट अधिक झुकरी ठरते. दिवाणखान्यात शोभून दिसणारी जहाजाची प्रतिकृती पाण्यात सोडताच कलंडते, त्याचे कारण हेच.

या अडचणीवर शर्यतीच्या नौकांनी काढलेला उपाय म्हणजे खोल कणा. नौकेच्या पोटाखाली पात्यासारखा पातळ पंख असतो आणि त्याच्या तळाशी शिशाचा लांबट गोळा बसवलेला असतो. कोकणातील तांडेल ज्याला 'नीरम' म्हणतात, त्या स्थैर्य देणाऱ्या वजनाचेच हे रूप. आंतरराष्ट्रीय 'वन मीटर' वर्गाच्या नौकेचे वजन किमान चार किलो असावे लागते आणि त्यापैकी सुमारे सव्वादोन ते अडीच किलो एकट्या कण्यात व शिशात असते. निम्म्याहून अधिक वजन पाण्याखाली खोलवर असल्यामुळे वाऱ्याने आडवी केलेली नौका झोत ओसरताच पुन्हा उभी राहते. विकत घ्यावयाच्या नौकेची पहिली परीक्षा हीच होय. काठाजवळच्या पाण्यात तिची डोलकाठी हाताने पाण्याला टेकवावी आणि सोडून द्यावी. ती विनाविलंब उसळून सरळ झाली पाहिजे. जी नौका आडवी पडून राहते, तिला उघड्या पाण्यावर नेऊ नये.

वजनाचा आणखी एक लाभ आहे. हलकी नौका सपाट पाण्यावर चपळ असली तरी प्रत्येक लाटेवर आपटून थबकते. जड नौका आपल्या वेगाच्या जोरावर लाट कापून पुढे सरकते. लांबीचेही तसेच. पाणी ढकलत चालणाऱ्या नौकेचा सर्वसाधारण कमाल वेग तिच्या जलरेषेच्या लांबीच्या वर्गमुळाशी निगडित असतो. या हिशेबाने एक मीटरची नौका ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास, तर पासष्ट सेंटिमीटरची नौका साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. प्रतिकूल वाऱ्यात काठाकडे परतण्याची वेळ येते, तेव्हा हा एका किलोमीटरचा फरक निर्णायक ठरतो.

कोणता वर्ग निवडावा ?

रेडिओ-नियंत्रित नौकांच्या शर्यती ठरावीक वर्गांत होतात. प्रत्येक वर्गाची लांबी, वजन, शिडे यांविषयी नियमावली असते. नवख्या ग्राहकासमोर प्रामुख्याने चार-पाच पर्याय येतात.

सर्वांत लहान म्हणजे जेमतेम एक फुटाचा 'फूटी' वर्ग. हौस आणि कारागिरी यासाठी तो गोड असला तरी मोठ्या पाण्याचा विचार त्याच्या बाबतीत करू नये. त्यानंतर येते 'ड्रॅगनफोर्स ६५'. पासष्ट सेंटिमीटर लांबीची, सव्वा किलोच्या आसपास वजनाची ही तयार नौका अल्प खर्चात मिळते आणि जगभर लोकप्रिय आहे. वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी तिची लहान-मोठी शिडे मिळतात आणि लहान शीड लावल्यास ती आश्चर्य वाटावे इतका वारा सोसते. पण तिची लांबी व वजन वाढत नाही. आखूड लाटांमध्ये ती वारंवार थबकते. शिकण्यासाठी, सेंधसारख्या जलाशयाच्या आडोशाच्या काठाशी चालवण्यासाठी ती योग्य होय. तिची मोठी बहीण 'ड्रॅगनफोर्स ९५' लांबीला पंचाण्णव सेंटिमीटर असल्यामुळे लाटांत अधिक सफाईने चालते, तथापि वजनाने ती 'वन मीटर'च्या निम्म्याच्या आसपासच भरते.

'इंटरनॅशनल वन मीटर' हा वर्ग १९८८ मध्ये सुरू झाला. लांबी कमाल एक मीटर, पाण्यातील खोली कमाल बेचाळीस सेंटिमीटर, आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून नौकेच्या धडासाठी कार्बन तंतूंच्या वापरास मनाई, असे त्याचे नियम आहेत. आराखडा मिळवून लाकडी पट्ट्यांची नौका घरी बांधण्याचीही मुभा या वर्गात आहे. वजन, लांबी, खोली आणि शिडांचे संच यांचा मेळ पाहता गंगरेलसारख्या पाण्यासाठी हा वर्ग सर्वाधिक समतोल मानावा लागेल.

'मार्बलहेड' हा वर्ग त्याहून जुना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील याच नावाच्या बंदरगावी तो जन्मला. पन्नास इंच लांबी व आठशे चौरस इंच शीड हे त्याचे मूळ सूत्र. ही नौका अतिशय वेगवान आहे. मात्र तिचा कणा फार खोल असल्यामुळे उथळ व शेवाळाने भरलेल्या काठावर ती अडते आणि तिची किंमतही अधिक असते. इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या 'ए' वर्गाच्या नौका दीड-दोन मीटर लांब, भारदस्त आणि लाटांत राजेशाही थाटाने चालणाऱ्या. पण त्या मोटारीत नेणे आणि पाण्यात उतरवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

एका नौकेला तीन शिडे

उघड्या पाण्यासाठी नौका घेताना ग्राहक धडाकडे पाहतो, शिडांकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा वीस झाला की शिडावरील दाब चौपट होतो आणि तीस झाला की नऊपट. एकच शीड या सर्व परिस्थितींना पुरेसे पडणे अशक्य आहे.

'वन मीटर' वर्गात म्हणूनच तीन संच असतात. मुख्य शिडाची डोलकाठीलगतची उंची पहिल्या संचात सुमारे १६० सेंटिमीटर, दुसऱ्यात ११८, तर तिसऱ्यात ८८ सेंटिमीटर असते. प्रत्येक संचाची डोलकाठीही स्वतंत्र असते, त्यामुळे काठावर काही मिनिटांत अदलाबदल करता येते. नौका वाऱ्याच्या दिशेने धावताना मोठ्या शिडाने पुढचे टोक पाण्यात खुपसू लागली, सुकाणू दाद देईनासे झाले, किंवा नौका सतत कडेवर पडून राहू लागली, की शीड लहान करण्याची वेळ टळून गेली असे समजावे. अनुभवी चालक काठावरील झाडांची पाने व पाण्यावरील पांढरे फेस पाहून आधीच निर्णय घेतात. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की पहिला संच पेटीतच ठेवलेला बरा.

खर्चाचा मेळ बसत नसेल तर पहिला आणि तिसरा असे दोन संच आधी घ्यावेत असा मोह होतो. प्रत्यक्षात मध्यम वाऱ्याचे दिवस अधिक असल्याने दुसरा संच सर्वाधिक उपयोगी पडतो. पहिला नौकेसोबत येतोच, त्यास दुसऱ्याची जोड द्यावी आणि तिसरा सवडीने घ्यावा.

पाणी आत, संदेश बाहेर

खवळलेल्या पाण्यात नौका बुडते ती बहुधा लाटेने नव्हे, तर आत झिरपणाऱ्या पाण्याने. सुकाणूचा दांडा, शिडाच्या दोरीचे छिद्र, कण्याची खाच आणि वरील झाकण ही चार द्वारे बारकाईने तपासावीत. झाकणाऐवजी चिकट कापडाची पट्टी लावण्याची पद्धत शर्यतींत सर्रास आढळते. ती स्वस्त आणि खात्रीची आहे, मात्र प्रत्येक वेळी नवी पट्टी कोरड्या पृष्ठभागावर लावावी. नौकेच्या पुढील व मागील पोकळीत फोमचे तुकडे अथवा हवेच्या बंद पिशव्या बसवल्या, तर आत पाणी शिरूनही ती तरंगत राहते. पुढील टोकाची उंची पुरेशी असावी आणि वरचा पृष्ठभाग उतरता असावा, म्हणजे चढलेले पाणी लगेच ओघळून जाते.

दोरी ओढणारे यंत्र लहान नौकेत दांड्याचे, तर मोठ्या नौकेत चरखीचे असते. जोराच्या वाऱ्यात शीड आत ओढताना त्यावर सर्वाधिक भार येतो. तेथे काटकसर करू नये. बॅटरी पूर्ण भारित असल्याशिवाय नौका सोडू नये आणि एका भारावर किती वेळ चालते हे शांत दिवशी घड्याळ लावून मोजून ठेवावे.

रेडिओच्या बाबतीत २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा आता सर्वमान्य आहे. या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. परदेशातून यंत्रणा मागवताना मात्र ती दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेने मान्य केलेल्या प्रकाराची आहे किंवा नाही, हे पाहावे. अन्यथा ती सीमाशुल्क कार्यालयात अडकू शकते. या लहरी पाण्यातून जात नाहीत. म्हणून नौकेतील ग्राहकाची तार जलरेषेच्या वर, शक्य तितकी उंच बसवावी. संपर्क तुटल्यास शीड आपोआप ढिले व्हावे अशी सोय बहुतेक यंत्रणांत करता येते. ती केलेली असल्यास हरवू पाहणारी नौका वेगाने दूर न जाता जागच्या जागी रेंगाळते.

'म्हादेई'चा दाखला

लहान नौकेला लागू पडणारे हे तत्त्व मोठ्या समुद्रावरही पडताळून पाहता येते, आणि त्याचे उदाहरण मराठी माणसास जवळचे आहे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी उचलून धरली. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णीत स्थायिक झालेले हे नौसेनानी. मोहिमेसाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे, आणि नौका बांधली ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने. आराखडा निवडला गेला तो नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टाट संस्थेचा, छप्पन्न फुटी, दूरच्या सागरप्रवासासाठी आखलेला. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेली 'म्हादेई' चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी मुंबईत परतली आणि कमांडर दोंदे हे असा प्रवास करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या 'थुरिया' या नौकेची डोलकाठी मोडली, ते स्वतः गंभीर जखमी झाले आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांची सुटका केली. धड शाबूत असूनही डोलकाठी गेली की शिडाची नौका असहाय होते. म्हणून लहान नौकेतही डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, त्यांचे आकडे व गाठी यांची पाहणी प्रत्येक फेरीपूर्वी करणे अगत्याचे आहे. काही रुपयांचा आकडा निसटला तर साऱ्या नौकेचे मोल पाण्यावर तरंगत राहते.

खर्चाचा साकल्याने विचार

नौकेची किंमत म्हणजे केवळ छापील किंमत नव्हे. तीत रेडिओ यंत्रणा, बॅटरी व तिचा भारक, शिडांचे जादा संच, वाहतुकीची पेटी, आयात केल्यास सीमाशुल्क आणि सुट्या भागांचा साठा मिळवावा लागतो. स्वस्त म्हणून प्रथम खेळण्यातील नौका घ्यायची, ती निरुपयोगी ठरल्यावर मध्यम आणि अखेरीस हवी ती घ्यायची, या मार्गाने एकाच वस्तूचे मोल तीनदा चुकते होते. याउलट कोणताही अनुभव नसताना एकदम महागडी नौका घेऊन ती गंगरेलच्या मध्यावर घालवणे, हेही शहाणपणाचे नाही.

व्यवहार्य मार्ग असा, की पहिले वर्षभर 'ड्रॅगनफोर्स ६५'सारखी लहान नौका आडोशाच्या पाण्यावर चालवून वारा व सुकाणू यांचा सराव करावा. त्यानंतर, मोठ्या पाण्याची ओढ टिकून असल्यास, 'वन मीटर' वर्गातील नौका घ्यावी अथवा बांधावी. सुटे भाग मागवल्यापासून किती दिवसांत हाती पडतात, हे विक्रेत्यास आधीच विचारावे. रायपूरसारख्या ठिकाणी सुकाणूचा एक जादा दांडा आणि दोरी ओढणारे एक जादा यंत्र घरी ठेवणे हाच खरा विमा होय.

काठावरची शिस्त

या छंदातील सर्वांत मोठा धोका नौकेला नसून माणसाला आहे. वारा पडल्याने वा बॅटरी संपल्याने पन्नास मीटरवर थांबलेली नौका हाताच्या अंतरावर असल्यासारखी भासते आणि ती आणण्यासाठी कोणीतरी पाण्यात उतरते. धरणाच्या जलाशयात काठ एकाएकी खोल होतो, तळाशी चिखल व बुडालेली झाडे असतात आणि पट्टीचा पोहणाराही दमतो. कितीही महाग नौका असली तरी तिच्यासाठी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम कुटुंबातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, पहिल्याच दिवशी सांगावा आणि स्वतः पाळावा.

त्याकरिता सोय आधी करावी. जलाशयाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाची अनुमती घ्यावी. जेथे नौकाविहाराची अधिकृत सोय व जीवरक्षक आहेत त्याच भागात व वेळेत जावे. वारा काठाकडे वाहत असेल अशी बाजू निवडावी, म्हणजे निकामी झालेली नौका आपोआप काठाला लागते. सोबत लांब दोरीला बांधलेला चेंडू ठेवावा, तो नौकेपलीकडे फेकून तिला ओढून आणता येते. नौका शंभर-दीडशे मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. त्या अंतरानंतर ती येते आहे की जाते आहे, हेच डोळ्यांना कळेनासे होते. शिडावर ठळक रंगाचा पट्टा आणि नौकेच्या आत दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत नौका-प्रतिकृती बांधणीच्या स्पर्धा होतात. तेथील छात्र घरात असल्यास त्याच्या हस्तकौशल्याचा या छंदाला मोठा आधार मिळू शकेल.

सारांश, खवळलेल्या पाण्यासाठी नौका निवडताना ती किती वेगाने जाते, या प्रश्नाआधी ती आडवी पडल्यावर उठते का, आत पाणी घेते का, लहान शिडावर सुकाणूला दाद देते का आणि वाऱ्याविरुद्ध काठाला परतते का, हे चार प्रश्न विचारावेत. या चारही प्रश्नांना होकार देणारी नौका कदाचित सर्वांत देखणी वा सर्वांत वेगवान नसेल. पण वारा वाढल्यावर इतरांनी आपापल्या नौका पेटीत ठेवल्या असताना, सेंधच्या वा गंगरेलच्या लाटांवर तिचे पांढरे शीड डोलत राहील आणि सायंकाळी ती सुखरूप काठाला लागेल.